आयत्या लायब्ररीचा जमाखर्च

दूध संकलन केंद्रांवर चालणारं एक सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बसून बनवतो. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घेऊन येतात, काट्यावर वजन होतं, यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवतं, दरपत्रकातून भाव निघतो आणि पावती छापली जाते. दर दहा दिवसांनी बिल. वरवर पाहता सरळ हिशेबाचं काम. पण हा हिशेब कुठल्या यंत्रावर चालेल याला काही धरबंध नाही. एका संस्थेत विंडोज ७ वरचा ३२ बिटांचा जुना पीसी, शेजारच्या गावात विंडोज ११ चा लॅपटॉप, त्याच्या पुढच्या गावात भिंतीला ठोकलेली छोटी पेटी, जिच्या आत एआरएम बोर्डावर लिनक्स चालतं, आणि वस्त्यांवर फिरून दूध गोळा करणाऱ्या पोरांच्या हातात अँड्रॉइडचे फोन. या सगळ्यांपर्यंत एकच आवृत्ती पोचवायची आणि ती सगळीकडे सारखीच वागली पाहिजे, हे माझं काम. ऑफिसात त्याला ‘बिल्ड-रिलीज’ म्हणतात. घरी कुणी विचारलं तर मी ‘पॅकिंग’ सांगते, आणि ते फारसं चुकीचं नाही.

पॅकिंग करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. आपण जे ‘आमचं सॉफ्टवेअर’ म्हणून विकतो, त्यात आपलं फार थोडं असतं. आमचा इन्स्टॉलर उघडून फायली आकारमानाने लावल्या, तर आमची स्वतःची फाइल बरीच खाली सापडते. तिच्या वर क्यूटीच्या मोठाल्या फायली, आजूबाजूला एसक्यूलाइट, पोस्टग्रेसशी बोलणारी लिबपीक्यू, तिच्या मागोमाग येणाऱ्या ओपनएसएसएलच्या दोन, शिवाय मायक्रोसॉफ्टचा रनटाइम. सगळ्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या, आणि आधीच कंपाइल करून यंत्रभाषेत उतरवलेल्या. त्यातही डेटाबेसच्या लायब्रऱ्यांची गोष्ट वेगळी. छपाईची लायब्ररी बिघडली तर सचिव वहीत लिहून वेळ मारून नेतात. डेटाबेसची बिघडली तर कुणाचं किती दूध आलं, याचा पुरावाच जातो.

नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, की या लायब्रऱ्या सोबत द्यायच्याच कशाला? लिनक्समध्ये एसक्यूलाइट असते, अँड्रॉइडमध्येही असते, मग तीच वापरू. प्रश्न रास्त आहे. उत्तर अँड्रॉइडच्या तक्त्यात आहे. अँड्रॉइड ९ आणि १० मध्ये एसक्यूलाइटची ३.२२ ही आवृत्ती येते, अँड्रॉइड ११ मध्ये ३.२८, १४ मध्ये ३.३९. आणि ‘नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी घाल’ हे एका वाक्यात सांगायची सोय, जिला अपसर्ट म्हणतात, ती आली २०१८ साली, ३.२४ मध्ये. दुधाचं माप पुन्हा घेतलं की तीच नोंद बदलायची, हे आमच्याकडे रोजचं. म्हणजे एकच क्वेरी एका पोराच्या फोनवर चालणार आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या दुसऱ्याच्या फोनवर अडणार. शिवाय २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या ॲपला सिस्टिमच्या खासगी एसक्यूलाइटला थेट हात लावायलाच बंदी आहे. ज्यांनी तोवर तसं केलं होतं त्यांची ॲपं नव्या फोनवर उघडेनाशी झाली. तेव्हा स्वतःची लायब्ररी सोबत नेणं ही चैन नव्हे. एकच वागणूक हवी असेल तर दुसरा रस्ताच नाही.

एसक्यूलाइटच्या बाबतीत हा रस्ता सुरुवातीला फार सुखाचा वाटतो. डी. रिचर्ड हिप यांनी अमेरिकेच्या नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना ही कल्पना धरली. तिथला मोठा डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्याच्यावर विसंबलेला प्रोग्रॅमही निकामी व्हायचा, म्हणून सर्व्हरच नको, साधी फाइल वाचा-लिहायची असा विचार. पहिली आवृत्ती २००० साली आली. आज तिचा सगळा सोर्स एका फायलीत मिळतो. दोन लाखांहून जास्त ओळींची ही सी भाषेतली फाइल आपल्या प्रकल्पात टाकली की झालं. परवान्याची कटकट नाही, कारण लेखकांनी ती सार्वजनिक मालकीची करून टाकली आहे. फायलीच्या डोक्यावर जिथे कायद्याची भाषा अपेक्षित असते तिथे तीन ओळींचा आशीर्वाद आहे. आणि २०५० सालापर्यंत आम्ही ही सांभाळू असं त्यांनी जाहीर केलेलं आहे. दूध संस्थेच्या अध्यक्षांनासुद्धा पटेल असा भरवसा आहे हा.

सोर्स इतका सुटसुटीत असताना आयती कंपाइल केलेली घ्यायची गरज कुणाला? बहुतेकांना. कारण एसक्यूलाइट एकटी येत नाही. ती पायथनच्या आत येते, क्यूटीच्या आत येते, नोडच्या पॅकेजमधून येते, जावाच्या जार फायलीत सगळ्या प्लॅटफॉर्मांच्या प्रती घेऊन येते. आपण बाजारातून एक डबा आणतो आणि त्यात ती आधीच बसलेली असते. कुणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर, कुठल्यातरी कंपायलरने, स्वतःला हवे ते पर्याय चालू-बंद करून ती बांधलेली असते. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे हे ‘कुणीतरी, कुठेतरी’ शोधून काढणं.

विंडोजवर हे शोधकार्य बहुतेक वेळा सकाळी सहाला सुरू होतं. संगमनेरच्या पुढच्या एका केंद्राच्या सचिवांचा फोन आठवतो. “मॅडम, काल रात्री तुमचा अपडेट टाकला. आता ते कसलं तरी डीएलएल मागतंय, अन् इकडं लाईन लागलीय.” पडद्याचा फोटो पाठवायला सांगितला. चौकटीत लांबलचक नाव होतं, एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम अशा थाटाचं. हे नाव आमच्या धंद्यातल्या माणसाला पाठ असतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून सी भाषेचा रनटाइम नव्या रूपात आणला. विंडोज १० मध्ये तो मुळातच असतो. विंडोज ७ ला तो एका अपडेटमधून मिळतो. आमच्या ऑफिसातल्या चाचणीच्या विंडोज ७ वर तो अपडेट कधीच येऊन गेलेला होता. केंद्रावरचं यंत्र विकत घेतल्यापासून इंटरनेटला लागलेलंच नव्हतं. क्यूटीची आयती लायब्ररी त्या रनटाइमवर उभी होती आणि खाली जमीनच नव्हती.

त्या दिवशी सचिवांनी पावत्या हाताने फाडल्या. मी दुपारपर्यंत रनटाइमच्या फायली आमच्याच फोल्डरमध्ये घालून नवा इन्स्टॉलर पाठवला, कारण विंडोज डीएलएल शोधताना प्रोग्रॅमचं स्वतःचं फोल्डर आधी बघतं आणि या फायली अशा शेजारी ठेवायला मायक्रोसॉफ्टची परवानगी आहे. पण तोवर गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने आपल्या परीने उपाय करून ठेवला होता. फुकट डीएलएल देणाऱ्या कुठल्याशा साइटवरून फाइल उतरवून त्याने आमच्या फोल्डरात टाकली होती, ती ६४ बिटांची, आणि आमचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा. आता चूक बदलून ०xc०००००७बी असा आकडा दिसू लागला. विंडोजची गंमत अशी, की ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फायली असतात, आणि ३२ बिटांच्या फायली असतात त्या सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवलं गेलं. हे फोनवर समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे. आता इन्स्टॉलर स्वतःच्या फोल्डरातल्या प्रत्येक डीएलएलचा ठसा तपासतो आणि परकी फाइल दिसली तर तिचं नाव सांगून थांबतो.

लिनक्सच्या पेट्यांचं दुखणं उलट्या दिशेचं. विंडोजवर खालचा रनटाइम सोबत देता येतो. लिनक्सवर सगळ्यात खालची लायब्ररी, जीलिबसी, ही सोबत नेणं म्हणजे घोळाला आमंत्रण. ती त्या यंत्राचीच वापरावी लागते. तिचा नियम एका बाजूने उदार आहे: जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नवीवर चालतं. नवीवर बांधलेलं जुनीवर चालेलच असं नाही. आमच्या बिल्ड मशीनवर उबंटू २२.०४ आली, तिची जीलिबसी २.३५. भिंतीवरच्या पेट्यांमध्ये डेबियन १०, तिथे २.२८. एसक्यूलाइटच्या सोर्समध्ये एका अक्षराचाही बदल नव्हता, पण पेटीने ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून हात वर केले. कारण २.३४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि त्यानंतर बांधलेल्या जवळजवळ प्रत्येक फायलीवर त्या आवृत्तीचा शिक्का बसतो.

यावरचा उपाय सगळ्या जगाने एकच काढलेला आहे: जे सगळ्यात जुनं यंत्र सांभाळायचं त्याच्याइतक्या जुन्या घरात बसून बांधायचं. पायथनवाल्यांनी २०१६ साली मेनीलिनक्स नावाचा करार केला, तेव्हा त्यासाठी सेंटओएस ५ निवडली, जी त्या वेळीही म्हातारी होती. पुढे ६, मग ७. आम्ही डेबियन १० चा कंटेनर करून ठेवला आहे आणि एआरएमसाठी त्यातच क्रॉस-कंपायलर बसवला आहे. लायब्रऱ्या शोधायची वाट फायलीतच लिहून ठेवतो, की आधी स्वतःच्या फोल्डरात बघ. नव्या कंपायलरची गोडी लागलेल्या मुलांना हा कंटेनर म्हणजे शिक्षा वाटते. पण वितरणाच्या कामात नवेपणाला फारशी किंमत नसते. ग्राहकाकडचं सगळ्यात जुनं यंत्र जे झेपवेल तेवढंच आपलं नवं.

मॅक आमच्या एकाही केंद्रावर नाही, पण आमचे प्रोग्रॅमर मॅकवर काम करतात, म्हणून तिथेही डबा भरावा लागतो. तिथली खोड एकच सांगते. लायब्ररीच्या आत लिहिलेली वाट बदलली की तिची सही मोडते, आणि ॲपलच्या नव्या चिपवर सहीशिवायचा कोड चालतच नाही. प्रोग्रॅम काही न बोलता मारला जातो. वाट बदलली की पुन्हा सही करायची, एवढं लक्षात ठेवलं की पुढे जाता येतं.

खरं गुंतागुंतीचं प्रकरण निघालं ते एकाच प्रोग्रॅममध्ये दोन एसक्यूलाइट असण्याचं. क्यूटीच्या एसक्यूलाइट ड्रायव्हरच्या पोटात स्वतःची एक प्रत असते. नावं शोधायचा भाग आमच्या टीमने थेट एसक्यूलाइटशी बोलून लिहिला होता, त्यासाठी आमची स्वतःची प्रत. दोन्ही एकाच फायलीवर काम करत होत्या. विंडोजवर कधी काही झालं नाही. लिनक्सच्या एका पेटीने मात्र बिलाच्या दिवशी ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ असा निरोप दिला. एसक्यूलाइट वीज गेली तरी फाइल मोडू देत नाही, ही तिची ख्याती. आमच्या केंद्रांवर वीज जाणं ही बातमी नसते, आणि तरी हा निरोप तोवर आम्ही पाहिलेला नव्हता. म्हणून वेगळं काहीतरी आहे एवढं नक्की होतं.

धागा मिळाला तो फार साध्या ठिकाणी. प्रोग्रॅमच्या ‘माहिती’ पडद्यावर एसक्यूलाइटची एक आवृत्ती दिसत होती आणि लॉगमध्ये दुसरी. मग कारण उलगडलं. पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्सच्या घराण्याचा, फाइल-कुलपांचा एक जुना नियम आहे. एखाद्या प्रोसेसने एकच फाइल दोन वेळा उघडली आणि त्यातली एक बंद केली, तर त्या प्रोसेसने त्या फायलीवर लावलेली सगळी कुलपं सुटतात, दुसऱ्या हाताने लावलेलीसुद्धा. एसक्यूलाइटला हे माहीत आहे. म्हणून ती उघडलेल्या फायलींची यादी ठेवते आणि कुलूप असेपर्यंत फाइल खरोखर बंद करत नाही. पण दोन प्रती असल्या की दोन याद्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. शोध घेणाऱ्या प्रतीने काम संपवून फाइल बंद केली, तिकडे नोंद लिहिणाऱ्या प्रतीचं कुलूप गळालं, आणि नेमकं त्या वेळी तालुक्याला डेटा पाठवणाऱ्या वेगळ्या प्रोसेसला वाटलं की फाइल मोकळी आहे. विंडोजवर कुलूप ज्या हँडलने लावलं त्यालाच चिकटतं, म्हणून तिथे हा खेळ होत नाही. एसक्यूलाइटच्या लेखकांनी ‘डेटाबेस कसा खराब करावा’ अशा नावाचं एक टिपण लिहून ठेवलं आहे, त्यात हा प्रकार स्पष्ट दिलेला आहे.

त्या केंद्राचा हिशेब आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून आणि पावत्यांच्या कार्बनवरून उभा केला. त्यानंतर क्यूटीचा ड्रायव्हर आम्ही स्वतः बांधतो, आमच्याच एसक्यूलाइटला जोडून. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा दोन्ही वाटांनी आवृत्ती विचारतो, उत्तरं जुळली नाहीत तर उघडतच नाही. आयत्या डब्याचा धोका मला तिथे नीट कळला. डब्यात काय आहे हे महत्त्वाचं, आणि तेच आपल्या घरात आधीपासून आहे का, हेही तितकंच.

मराठी नावांनी आणखी एक धडा दिला. सभासदाचं नाव टाइप केलं की यादी गाळून समोर यावी, यासाठी एसक्यूलाइटची पूर्ण-मजकूर शोधाची सोय वापरली. चाचणीत ‘मोरे’ टाइप केलं आणि समोर मोऱ्यांबरोबर मीरा आली, मारुती आला. कारण शोधायला सोपं. या सोयीचा नेहमीचा शब्दतोड्या अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार युनिकोडमध्ये अक्षरांच्या वर्गात नसतात, जोडचिन्हांच्या वर्गात असतात. त्यामुळे तो प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तोडतो. ‘मोरे’चे उरतात ‘म’ आणि ‘र’. मीराचेही तेच. ‘शिंदे’चे ‘श’ आणि ‘द’. जोडचिन्हांचे दोन वर्गही शब्दाचाच भाग समजावेत असा पर्याय देता येतो आणि सगळं सुरळीत होतं. पण जुन्या आवृत्त्यांना हा पर्यायच ठाऊक नाही. स्वतःची लायब्ररी सोबत नसती, तर कुठल्या यंत्रावर मोरे सापडतील आणि कुठल्यावर मीरा, हे नशिबावर सोडावं लागलं असतं.

मग क्रमाचा प्रश्न. एका वयस्कर सचिवांनी छापलेली यादी परत पाठवली, लाल पेनने खुणा करून. “आमच्या रजिस्टरात काळे काशीदांच्या नंतर येतात. तुमच्या यादीत ते कावळ्यांच्याही आधी कसे?” संगणक नुसत्या युनिकोडच्या क्रमांकाने लावतो. तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी. म्हणून संगणकाची यादी काटे, काळे, कावळे, काशीद अशी येते आणि सचिवांची काटे, कावळे, काशीद, काळे अशी. क्षीरसागर तर ‘क’च्या पोटात कुठेतरी जाऊन बसतात. पिढ्यान्‌पिढ्या रजिस्टर चाळलेल्या माणसाचा हात जिथे जातो तिथे नाव सापडत नाही.

यासाठी आयसीयू नावाची नामांकित लायब्ररी आहे, तिला मराठीचा क्रम येतो. पण तिची सगळ्या भाषांची माहिती धरून पंचवीस-तीस एमबी होतात, आणि आमचा अपडेट अनेकदा फोनच्या डेटावर उतरतो किंवा पेनड्राइव्हवर फिरतो. जिथे अख्खी एसक्यूलाइट एक-दोन एमबीत बसते, तिथे तिच्या कित्येक पट ओझं फक्त ‘ळ’साठी द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आम्ही मराठी क्रमाचं छोटं फंक्शन सी भाषेत लिहून एसक्यूलाइटला जोडलं. त्याची किंमतही आहे. त्या क्रमाने बांधलेला इंडेक्स असलेली फाइल दुसऱ्या कुठल्याही साधनाने उघडली की त्या कॉलमपाशी ‘नो सच कोलेशन सीक्वेन्स’ म्हणून ते अडतं. आणि आमच्या फंक्शनमध्ये उद्या एवढासा बदल केला, तर जुने इंडेक्स खोटे ठरतात. हा धोका मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. २०१८ साली जीलिबसी २.२८ ने अक्षरक्रमाची माहिती अद्ययावत केली, तेव्हा लिनक्सची आवृत्ती बदललेल्या कितीतरी पोस्टग्रेस सर्व्हरांवरचे मजकुराचे इंडेक्स चुकीचे ठरले आणि ते नव्याने बांधावे लागले. पोस्टग्रेस तीच होती. खालचा क्रम बदलला होता.

पोस्टग्रेसचा विषय निघालाच आहे तर लिबपीक्यूबद्दल. केंद्रांचा डेटा तालुक्याच्या सर्व्हरला जातो, तिथे पोस्टग्रेस आहे. क्यूटीचा त्यासाठीचा ड्रायव्हर आयता मिळतो, लिबपीक्यू मात्र मिळत नाही. त्यामुळे क्यूटीशी पहिल्यांदा काम करणाऱ्या प्रत्येकाला एक चक्रावणारा निरोप दिसतो: ‘ड्रायव्हर लोड झाला नाही’, आणि खालच्याच ओळीत ‘उपलब्ध ड्रायव्हर’ म्हणून त्याचंच नाव. ड्रायव्हर खरंच आहे, तो ज्यांच्यावर उभा आहे त्या फायली नाहीत. लिबपीक्यू, तिला लागणाऱ्या ओपनएसएसएलच्या दोन, भाषांतराची एक, लिप्यांची एक, असा गोतावळा मिळाला की ओळ नाहीशी होते. विंडोजसाठीचा आयता पोस्टग्रेस ३२ बिटांत दहाव्या आवृत्तीनंतर यायचा थांबला, म्हणून आमच्या जुन्या पीसींसाठी ही अख्खी रांग आम्हीच कंपाइल करतो.

ते करणं कधी सक्तीचं झालं हेही सांगण्यासारखं आहे. पोस्टग्रेस १४, म्हणजे २०२१ पासून, नवा पासवर्ड ठेवला की तो स्क्रॅम पद्धतीने साठवला जातो. ही पद्धत लिबपीक्यूला दहाव्या आवृत्तीपासून कळते. तालुक्याचा सर्व्हर नवा झाला त्या दिवशी काहीच बिघडलं नाही, कारण जुने पासवर्ड जुन्याच रूपात पुढे आले होते. मग एकेका केंद्राने पासवर्ड बदलला तसं एकेक केंद्र तुटायला लागलं: ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’. सचिवांना वाटलं पासवर्ड चुकला, म्हणून ते पुन्हा बदलत. प्रत्यक्षात त्या केंद्रांवर ९.६ ची लिबपीक्यू बसलेली होती. सोबत दिलेली लायब्ररी आपल्या डब्यात जशीच्या तशी थांबते, आणि तिला ज्या जगाशी बोलायचं असतं ते थांबत नाही.

म्हणूनच लिनक्सच्या वितरणांचा सांभाळ करणारी मंडळी, विशेषतः डेबियनची, अशा सोबत दिलेल्या प्रतींवर नाराज असतात. त्यांचा मुद्दा खरा आहे. २०१८ च्या शेवटी एसक्यूलाइटमध्ये ‘मॅगेलन’ नावाने गाजलेली त्रुटी सापडली. सिस्टिमची लायब्ररी वापरणाऱ्यांना एक अपडेट पुरला. ज्यांनी ज्यांनी आपल्या पोटात प्रत घातली होती, त्या प्रत्येकाला आपापलं सॉफ्टवेअर नव्याने काढावं लागलं. ओपनएसएसएल १.१.१ ची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली, पण तिच्या डीएलएल अजून किती इन्स्टॉलरांमध्ये झोपलेल्या असतील, देव जाणे. ग्राहकाची कटकट वाचवण्यासाठी आपण लायब्ररी सोबत देतो. कटकट कुठे जात नाही, ती फक्त आपल्या नावावर चढते. खर्चाच्या बाजूला हे लिहायचं बहुतेकांच्या मनात येत नाही.

आमच्याकडे आता प्रत्येक लायब्ररीमागे एक पान आहे. सोर्स कुठून घेतला, त्याचा हॅश संकेतस्थळावर छापलेल्या हॅशशी जुळला का, कुठल्या कंटेनरमध्ये कुठल्या कंपायलरने बांधला, कुठले पर्याय चालू ठेवले, परवाना कोणता. एसक्यूलाइटचं एक बरं आहे, ती आपले पर्याय स्वतःच सांगते, एका प्रॅग्माने विचारलं की यादी समोर. परवान्याची ओळही नुसती शोभेची नाही. एका संस्थेला मायएसक्यूएल हवं होतं, पण त्याची क्लायंट लायब्ररी जीपीएल खाली येते, आमचा कोड बंद. म्हणून मारियाडीबीची एलजीपीएल वाली घेतली. बर्कली डीबीने २०१३ मध्ये परवाना बदलून एजीपीएल केला, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेकांना एका रात्रीत जुन्या आवृत्तीवर थांबायचं की दुसरं काही शोधायचं, हा निर्णय करावा लागला.

या पानांचं मोल अलीकडेच दिसलं. अँड्रॉइड १५ पासून काही फोनमध्ये मेमरीचं पान ४ केबीऐवजी १६ केबीचं असतं, आणि जुन्या मापाने बांधलेल्या लायब्रऱ्या तिथे लोड होत नाहीत. आमच्या एसक्यूलाइटचं पान उघडलं, लिंकरला एक पर्याय वाढवला, चारही प्रकारच्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधली, दुपारच्या आत चाचणी सुरू. त्याच ॲपमध्ये एका काटा बनवणाऱ्या कंपनीने दिलेली आयती लायब्ररी आहे. सोर्स नाही, पान नाही. त्यांना ईमेल लिहून आम्ही वाट बघतोय, आणि तोवर नवे फोन घेऊ नका असं पोरांना सांगतोय.

म्हणून मी टीमसाठी एकच नियम ठेवला आहे: जी लायब्ररी आपल्याला उद्या पुन्हा बांधता येणार नाही, ती आज सोबत द्यायची नाही. जिथे इलाज नाही, तिथे ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची, म्हणजे मेली तरी हिशेबाच्या फायलीला धक्का लागणार नाही. काटेवाल्यांची लायब्ररी तशीच बाजूला काढायचं काम पुढच्या रिलीजमध्ये घेतलं आहे. आयती मिळते म्हणून घ्यायला माझी हरकत नसते. फक्त घेणाऱ्याने त्याच दिवशी तिचं पान लिहायचं, आणि ते लिहिता येत नसेल तर का येत नाही, हे मला येऊन सांगायचं.